मालनची फी रखमाजीने भरली

एका गावात एक भोळा बाप होता. भोळा हा शब्द गावाचा. त्याची बायको सगुणा दुसरा वापरायची. नाव रखमाजी. त्याची मुलगी मालन मात्र हुशार निघाली. कुणावर गेली, हे गावात कुणी विचारत नसे. तिला तालुक्याच्या कॉलेजात नर्सिंग शिकायचं होतं. फी मोठी, मुदत थोडी. म्हणून नातेवाइकांनी हात दिला.

आधी मामा आला. त्याने पाकीट पुढे केलं. रखमाजीने ते झटकन घेतलं आणि मामाच्या तोंडावरच नोटा मोजल्या.

मामा गेल्यावर सगुणा कडाडली, "काय हा हावरटपणा! पैसे असे घेतात? तीनदा नको म्हणावं, मग घ्यावं."

"तीनदा नको," रखमाजीने घोकलं.

मग आत्याची मनिऑर्डर आली. पोस्टमनने नोटा पुढे केल्या.

"नको," रखमाजी म्हणाला.

"अहो, तुमचेच पैसे आहेत."

"नको, नको."

तीन झाले. रखमाजीने ऐटीत हात पसरला. तोवर पोस्टमन 'घेण्यास नकार' असं लिहून सायकलवर बसला होता. पैसे आत्याकडे परत गेले, आणि आत्या रुसली ती रुसलीच.

सगुणाने कपाळ बडवलं. "अहो, नको-नको नात्यात करायचं! सरकारी माणूस आला की मुकाट तो सांगेल ते करावं."

"मुकाट," रखमाजीने घोकलं.

लगेच ग्रामपंचायतीचा शिपाई आला. शेजारच्या भिकोबाची घरपट्टी थकली होती आणि भिकोबाच्या दाराला कुलूप होतं. "भिकोबाची पट्टी आजच्या आज भरायची आहे," शिपाई म्हणाला. रखमाजी मुकाट आत गेला आणि मामाच्या पाकिटातून भिकोबाची पट्टी भरून मोकळा झाला. शिपायाला नोकरीत एवढं सुख कधी लाभलं नव्हतं.

"भिकोबाच्या नावावर भरलीत?" सगुणा किंचाळली. "दुसऱ्याच्या नावावर छदामही भरायचा नाही! पैसे आपले, तर नाव आपलं. कळलं?"

"कळलं."

तो कळलं म्हणाला की सगुणा देवाला हात जोडायची.

अखेर तिने गळ्यातली बोरमाळ मोडून फी पुरी केली. पण मुदतीच्या दिवशी मालन तापाने फणफणली. सगुणाला तिच्या उशापासून हलता येईना. घरात दुसरं कोण? रखमाजी निघाला.

कॉलेज नवं होतं. तिथे नोटांकडे बघत. माणसाकडे बघायची पद्धत नव्हती. कारकुनाने मान खाली घालूनच विचारलं, "नाव?"

मालनचं नाव रखमाजीच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. या खेपेला चुकायचं नव्हतं.

"रखमाजी विठोबा शेलार."

"वसतिगृह हवं?"

"नको. जाऊन-येऊन करीन."

शिक्का पडला.

घरी सगुणा दारातच उभी होती. "भरली?"

"भरली! शेवटची जागा होती. माझ्यामागे खिडकीच बंद केली."

मालन तापातही उठून बसली. "बाबा, बघू माझी पावती."

"तुझी कशी? पैसे आपले, नाव आपलं."

सगुणाने पावती वाचली आणि पदर डोळ्यांना लावला. रखमाजीला तिची दया आली.

"रडतेस काय अशी?" तो म्हणाला. "सोमवारपासून वर्ग सुरू. पांढरी साडी नेसून यायला सांगितलंय. तुझ्याकडे एखादी असेल ना?"