डब्यातला कॅमेरा

काडेपेटीएवढा कॅमेरा पाहिलाय का कधी तुम्ही? मिरजेच्या सुलभाताईंनी असे जुने, रिळाचे कॅमेरे जमवून मसाल्याच्या डब्यात जपले होते. गावातल्या फोटोंच्या प्रदर्शनात ते मांडायला त्यांनी टेबल मागितलं, तर प्रदर्शनाचे अध्यक्ष गुळवणीसाहेब हसले. "खेळणी मांडायला ही जत्रा आहे का, बाई? असल्यानं फोटो निघतो तरी का?"

"तुम्हीच बघा की कळ दाबून," म्हणत ताईंनी एक कॅमेरा त्यांच्या हातावर ठेवला.

साहेब चष्मा विसरले होते. हात लांब करून, डोळे बारीक करून त्यांनी तो न्याहाळला आणि कळ दाबली. "कुठं काय निघालं?"

"तुम्हीच निघालात, साहेब. भिंगाचं तोंड तुमच्याकडं होतं आणि आत रीळ आहे. आज रीळ धुते; फोटो नाही निघाला, तर खेळणी म्हणून डबा घरी नेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनाच्या दारात डोळे बारीक केलेल्या साहेबांचा फोटो लागला होता आणि त्याखाली ताईंचं टेबल होतं.