मायाप्पा हेळव्यानं गाळलेलं नाव

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. हिवरगीच्या ओढ्याला तेव्हा भर उन्हाळ्यातही पाणी असायचं आणि गावात लिहिता येणारं माणूस एकही नव्हतं. तरी कुणाचं नाव पुसलं जात नव्हतं, कारण सुगी संपून खळी उठली की दर साली मायाप्पा हेळवी गावात यायचा.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या सांगणारा. बैलावर बसून दारोदार जायचं आणि ज्याच्या दारात उभं राहायचं त्याच्या मूळ पुरुषापासून सुरू करून पणजा, आजा, बाप असं खाली खाली येत थेट त्याच्यापर्यंत पोचायचं, हा त्यांचा वाडवडलांपासूनचा धंदा. मायाप्पाला बारा गावांतल्या घरांच्या पिढ्या पाठ होत्या. कोण कुठून आला, कुणी विहीर पाडली, कुणी भावाचं लेकरू मांडीवर घेतलं, सगळं. असं म्हणतात, की त्यानं नाव घेतलं की गेलेली माणसं येऊन ऐकणाऱ्यांच्या मागं उभी राहायची. म्हणून तो सांगत असताना पारावरच्या लिंबाचं पानसुद्धा हलायचं नाही.

गावची पाटीलकी रणदिव्यांकडं होती. त्यांची सातवी पिढी सांगताना मायाप्पाचा आवाज नेहमी जरा वर चढायचा. त्या काळी पटकीच्या साथीत रणदिव्यांचं अख्खं घर गेलं होतं. एकटा भिवजी उरला, तोही ओसरीवर पडून. गाव भिऊन रानात पळालेलं. तेव्हा खाणीवर दगड फोडणाऱ्या वडारांच्या वस्तीतली यल्लू नावाची पोर त्याच्या तोंडात पाणी घालायला आली. तीन आठवडे तिनं त्याला पेज पाजून जगवलं. पुढं भिवजीनं तिच्याशीच लग्न लावलं. "भिवजीच्या घरी यल्लू, यल्लूच्या पोटी खंडोजी," असं मायाप्पा म्हणायचा आणि तिथून रणदिव्यांचा वेल खाली उतरायचा.

हे नाव ऐकायला खाणीवरून एक म्हातारी यायची. हणमव्वा तिचं नाव, यल्लूच्या भावाच्या वंशातली. वडारांच्या पिढ्या सांगायला कुठलाच हेळवी जात नसे. त्यामुळं साऱ्या वस्तीचं मिळून हे एकच नाव वर्षातून एकदा चार माणसांत घेतलं जायचं. हणमव्वा कडेला, चपलांपाशी बसायची. नाव आलं की पदर डोळ्यांना लावायची आणि उठून चालू लागायची.

एका साली राघोजी पाटलाच्या मुलीची, सगुणाची, सोयरीक लांबच्या एका देशमुखांच्या घरी जमत आली. ती मंडळी हिवरगीला येणार होती. हेळव्याच्या तोंडून कूळ ऐकू आणि मगच सुपारी फोडू, असा त्यांचा निरोप होता.

आदल्या दिवशी राघोजीनं मायाप्पाला बोलावलं. हेळव्यानं उंबऱ्याबाहेर बसायचं, शिधा झोळीत घ्यायचा, ही रीत. त्या दिवशी राघोजी त्याला हाताला धरून आत घेऊन गेला, आपल्या शेजारी जाजमावर बसवलं आणि आपल्या ताटाला लागून त्याचं ताट मांडायला लावलं. "घ्या मायाप्पा, सावकाश होऊ द्या," म्हणाला. आजवर कुणी त्याला 'घ्या' म्हटलं नव्हतं. त्याच्या बापालाही नाही.

हात धुतल्यावर राघोजी हळूच म्हणाला, "एकच नाव, मायाप्पा. भिवजी, भिवजीचा खंडोजी. मधलं तेवढं उद्यापुरतं नको. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मायाप्पाच्या बोटांना अजून पाटलांच्या तुपाचा वास होता. तो म्हणाला, "उद्यापुरतंच ना, पाटील?"

"उद्यापुरतंच."

दुसऱ्या दिवशी पार माणसांनी भरला. पाहुणे बैठकीवर, गाव खाली. मायाप्पानं बैलावरून घंटा हलवली आणि सुरू केलं. वरच्या पिढ्या धडाधड उतरल्या. सातवी आली. "भिवजी," तो म्हणाला, "भिवजीचा खंडोजी." आणि पुढं गेला.

सारं गाव ते नाव पोरपणापासून ऐकत आलं होतं. कुठं काय गळलं, हे प्रत्येकाला कळलं. कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलं, कुणी उगीच खाकरलं, पण तोंड कुणीच उघडलं नाही. असं म्हणतात, की त्या दिवशी लिंबाचं झाड पहिल्यापासून शेवटपर्यंत सळसळत राहिलं. ऐकायला मागं कुणी उभंच नव्हतं.

सुपारी फुटली. माणसं पांगली. मायाप्पा ओढ्यावर बैलाला पाणी पाजत होता, तिथं हणमव्वा काठी टेकत आली.

"मायाप्पा, लेका," ती म्हणाली, "औंदा आमची यल्लू आली न्हाई व्हय रं?"

मायाप्पाला खरं सांगता आलं असतं. तिथं तिसरं माणूस नव्हतं. पण ज्या तोंडानं पाटलांचं अन्न खाल्लं होतं, त्याच तोंडानं तो म्हणाला, "आली की, आजी. घेतलं मी नाव."

हणमव्वा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपल्याच कानाला हात लावला. "मग माझंच कान गेलं म्हणायचं," ती म्हणाली. "तू कशाला चुकशील?" आणि काठी टेकत गेली.

मायाप्पाचं तोंड काळं पडलं. बैलाच्या आडोशाला उभा राहून त्यानं आपल्याच थोबाडीत मारून घेतली. पण तिला हाक काही मारली नाही.

तिथून पुढं जे झालं ते बाराही गावांनी पाहिलं. शेजारच्या गावात तो पिढ्या सांगायला लागला, पहिली ते सहावी नीट आली, आणि सातवीशी जीभ टाळूला चिकटली. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या गावीही तेच. सातव्या पिढीच्या नावाच्या जागी यल्लूचं नाव ओठांवर येऊन बसायचं आणि ते बाहेर काढायची लाज वाटायची. लोक म्हणाले, हेळव्याला बाहेरचं काही लागलं. कुणी मिरच्या ओवाळल्या, कुणी अंगारा लावला. तो मुकाट्यानं लावून घ्यायचा. आपल्याला काय लागलंय, ते त्याला ठाऊक होतं.

वर्ष सरलं. खळी उठली. मायाप्पा हिवरगीला आला तो गावात न शिरता आधी खाणीवर गेला. हणमव्वाच्या झोपडीपुढं तिची सून दगडाला घाव घालत होती.

"आजी कुठं आहेत?"

"म्हातारी माघातच गेली," सून म्हणाली. "गेल्या साली तुमच्या पारावरून आली ती म्हणाली, माझं कान गेलं. मग कुणी काही बोललं तरी वळायचीच न्हाई. ऐकू येत न्हाई म्हणायची, आणि आपणही बोलायची न्हाई. वर्षभर गप बसून होती."

"खरंच कान गेले होते?"

"काय म्हाईत," सून म्हणाली. "नातू रडला की उठून बसायची."

मायाप्पा बैलावरून उतरला. पिढ्या सांगायला निघालेला हेळवी बैलावरून उतरत नसतो, पण तो उतरला आणि चालत गावात आला. पारावर राघोजी होता, गाव होतं. माहेरपणाला आलेली सगुणा तिच्या आईशेजारी बसलेली होती. मायाप्पानं घंटा काढली नाही. तो मातीत उभा राहिला आणि म्हणाला, "मी गेल्या साली एक नाव खाल्लं. जाजमावर बसायला मिळालं म्हणून खाल्लं. आणि एका म्हातारीचे धडधाकट कान मी बहिरे केले."

राघोजी ताडकन उठला. "मायाप्पा, इथं माझी लेक बसलीय!"

"तिच्याच पणज्याच्या पणजीचं नाव घेतोय, पाटील."

राघोजीचा चेहरा उतरला. त्यानं एकदा गावाकडं बघितलं. सारं गाव खाली बघत होतं, कारण गेल्या साली तेही गप्प बसलं होतं. मग तो घरी गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. सगुणा मात्र जागची हलली नाही. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "सांगा काका. मला पहिल्यापासून ऐकायचंय."

मायाप्पानं सांगितलं. भिवजीच्या घरी यल्लू. यल्लूच्या पोटी खंडोजी. असं म्हणतात, की त्याचा आवाज अर्ध्या कोसावर खाणीत पोचला आणि तिथले घाव एकाएकी थांबले. पारावर लिंबाचं पान हलत नव्हतं.

त्यानंतर त्याची जीभ मोकळी झाली, पण तो कुणाच्या दारात उभा राहिला नाही. त्यानं खाणीवर झोपडी घातली. वडारांच्या पिढ्या कुणी सांगितल्याच नव्हत्या, त्या तो शोधायला लागला. या खाणीवरून त्या खाणीवर जायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसायचा, "तुझ्या आजाचं नाव काय? आजीचं काय? ती कुठल्या खाणीवरची?" असं विचारत राहायचा. जिथं माणसाला आठवत नसे तिथं तो म्हणे गेलेल्या माणसांनी फोडलेल्या दगडाला कान लावायचा, आणि दगड नाव सांगायचा. अकरा वर्षांत त्यानं साऱ्या वस्तीच्या पिढ्या गोळा केल्या आणि एकेका पोराला पाठ करायला लावल्या. लोक त्याला मान द्यायला लागले, बसायला घोंगडी टाकायचे. तो ती बाजूला सारून मातीत बसायचा. हणमव्वाच्या झोपडीवरून जाताना म्हातारपणीही त्याची मान वर झाली नाही, असं म्हणतात.

मायाप्पा गेला त्यालाही आता किती पिढ्या झाल्या. हिवरगीत आज हेळवी येत नाही. पण सुगी संपल्यावर पहिल्या सोमवारी सारं गाव पारापाशी जमतं. बैठक कुणासाठीच घालत नाहीत, सगळे मातीत बसतात. आधी खाणीवरची वस्ती आपल्या पिढ्या सांगते, मग गावातलं एकेक घर उठतं. जे नाव सांगायला जड जातं ते प्रत्येकानं पहिलं घ्यायचं, अशी रीत आहे. सांगणारा अडखळला तर कुणी हसत नाही, आणि वाट बघायला कितीही वेळ लागला तरी कुणी उठून जात नाही. त्या दिवशी म्हाताऱ्यांना पुढं बसवतात. नाव घेऊन झालं, की सांगणारा त्यांच्याजवळ जातो, खाली वाकतो आणि विचारतो, "आजी, ऐकू आलं का?" त्या 'हो' म्हणेपर्यंत पुढचं घर उठत नाही.