सिंहाच्या खांद्यावरची जागा

एका जंगलात तळ्याकाठच्या कुरणावर एक गायबगळा राहत असे. राहत असे म्हणजे काय, सारा दिवस तो एका रानम्हशीच्या पाठीवरच असे! म्हैस चरू लागली की तिच्या खुरांनी गवतातले नाकतोडे टणाटण उडत आणि बगळा ते पटापट टिपत असे. पण मुलांनो, एक गोष्ट त्याला सलत असे. म्हशीच्या पाठीवर बसणाऱ्याला विचारतो कोण?

एके दिवशी कोल्हा निरोप घेऊन आला. "बगळेराव, नशीब उघडलं तुमचं! महाराजांच्या खांद्यावरची जागा रिकामी झाली आहे. या तुम्ही." बगळा हरखून गेला, पण लगेच हो म्हणायला मन धजेना. म्हशीची पाठ एकदा सोडली की गेलीच. साळुंकी तिच्यावर केव्हाची टपून होती. त्याने म्हशीला विचारले, "मावशी, काय करू?" म्हैस रवंथ थांबवून म्हणाली, "उद्याचा दिवस तिथे बसून बघ. सूर्य मावळेपर्यंत तुझी जागा राखते. पुढे मात्र ती साळुंकीची."

दुसऱ्या दिवशी बगळा पिसे साफसूफ करून सिंहाच्या खांद्यावर बसला. हरणांनी दुरून माना लववल्या. मोरानेसुद्धा नमस्कार केला! बगळ्याची मान आणखी लांब झाली. पण सिंह झोपला तो झोपलाच. गवताचे पाते हलेना, मग नाकतोडा कुठून उडणार? दुपारी त्याने हळूच विचारले, "कोल्हेदादा, जेवणाचं कसं?" कोल्हा म्हणाला, "अहो, एवढा मान मिळतोय, आणि जेवण कसलं विचारता?" उन्हे कलली आणि बगळ्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," तो पुटपुटला. "महाराजांना माझा नमस्कार सांगा," एवढे म्हणून त्याने जी भरारी घेतली ती थेट कुरणाकडे.

सूर्य डोंगराला टेकला होता आणि साळुंकीने म्हशीच्या पाठीवर एक पाय ठेवलाही होता. "मावशी, आलो!" बगळा ओरडला. म्हशीने हसून खूर आपटला आणि गवतातून चांगला गलेलठ्ठ नाकतोडा उडाला. "आधी जेव," ती म्हणाली. साळुंकी हिरमुसली. तिची समजूत घालावी म्हणून बगळा म्हणाला, "ताई, सिंहाच्या खांद्यावर जागा आहे बघ." साळुंकीने लगेच विचारले, "तिथे नाकतोडे असतात का?" बगळा ओशाळला. हा प्रश्न त्याला काल सुचलाच नव्हता.

तात्पर्य : जागा किती मानाची हे पाहण्याआधी, तिथे दिवसभर करायचे काय आणि खायचे काय, हे विचारून घ्यावे.