कपाळावरची राख

फार वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका चर्चमध्ये गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेले झावळीचे जुने क्रूस टोपलीत गोळा झाले. ते जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या कपाळाला लावायची होती. टोपलीत वर होता वेदीजवळचा मोठा क्रूस. त्याच्या खाली होता छोट्या रेजिनाच्या उशाजवळचा, तिच्या बोटांनी चुरगळलेला लहानगा.

"ती तापाने फार तळमळते, आजोबा," लहानगा म्हणाला.

"श्रद्धा कमी पडत असेल," मोठ्याने सुनावलं. " दुःख ही देवाची देणगी असते, ती हसत घ्यावी."

तेवढ्यात टोपली निखाऱ्यांवर उपडी झाली.

"मलाही?" मोठा किंचाळला. "अरे, मी वेदीजवळचा आहे."

"हसत घ्या, आजोबा," म्हणत लहानगा पेटला.

दोघांची राख एकाच वाटीत कालवली गेली. बुधवारी आई रेजिनाला कडेवर घेऊन आली. फादरांनी तिच्या कपाळावर राखेने क्रूस काढला, आणि मोठा हादरला.

"केवढं तापलंय हे. मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही प्रवचन देत होता."

 घरी आईने कपाळावर ओलं फडकं ठेवलं, तशी राख निघू लागली. तेव्हा आजोबा जन्मात पहिल्यांदा विनवू लागले, "अजून थोडा वेळ राहू दे मला तिच्यापाशी."