बांडीच्या तोंडचा घास

गुरं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. ठकूबाईच्या गोठ्यात ढवळी आणि बांडी या दोन तरण्या कालवडी होत्या. एकाएकी ढवळीनं खाणं जवळजवळ सोडलं. रवंथ करणंही थांबलं. ना ताप, ना जखम. नुसती भिंतीकडे तोंड करून उभी.

ठकूबाई तिला हातानं कोवळा मका भरवी, तिची पाठ खाजवत बसे. बांडीचा जळफळाट होई. "काही झालेलं नाही हिला. लाड करून घ्यायचे चाळे सगळे!"

एके सकाळी बांडी रवंथ करत होती. ठकूबाईनं तिच्या तोंडातला चघळलेला घास काढून ढवळीच्या तोंडात घातला. बिघडलेलं पोट चालू व्हावं म्हणून जुने गवळी असंच करत. बांडीनं थयथयाट केला. "आता माझ्या तोंडचंही हिलाच!"

रोज हेच चाललं. आठवड्यानं ढवळीचा जबडा जरासा हलू लागला.

"मजा आहे बाई तुझी," बांडी फणकारली.

"मला तर तुझाच हेवा वाटायचा," ढवळी हळूच म्हणाली. "वैरणीला उशीर झाला की तू हंबरून गोठा डोक्यावर घ्यायचीस. मी ऐकत राहायचे. वाटायचं, अशी भूक मला परत कधी लागेल?"



दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं हात पुढे केला, तेव्हा बांडीनं आपणहून तोंड उघडलं.