मारवेलाची बहीण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गाई माणसांशी बोलत, आणि माणसेही कधीकधी त्यांचे ऐकून घेत.

एका डोंगराच्या उतारावर गुराख्यांचे गाव होते. गावाचे मोठे कुरण होते, त्यात मारवेल नावाचे गोड गवत वाढे. गाई ते पोटभर खात आणि घागरभर दूध देत.

गावात एक रीत होती. पावसाळा सरला, गवताला जांभळट तुरे आले, की भागाई नावाची बाई कुरणात जाई, चांगले तुरे निवडी आणि त्यांचे बी गाडग्यात राखून ठेवी. पुढच्या पावसाळ्यात ते उघड्या जागी पेरले जाई. निवडायची खूण तिला सासूने शिकवली होती: ज्या काडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचे कडे, ते मारवेल.

मग काही वर्षांनी नवल घडले. कुरण गुडघाभर वाढलेले, पण गाई संध्याकाळी खपाटीला गेलेली पोटे घेऊन परतू लागल्या. दूध आटले. पोरे ताकाच्या पाण्यावर भाकरी खाऊ लागली.

पाटलांनी गाव जमवला. "गवत बाटलंय. कुरण जाळून टाकू आणि नांगर घालू. गुरं घाटाखाली देऊन टाकू."

भागाई घाबरून म्हणाली, "पाटील, तुरे पिकेपर्यंत तरी थांबा. झालंय काय, ते बघते मी."

"आता काय बघतेस? बी तुझ्याच हातचं ना!"

लोक हसले. भागाईला ते लागले, कारण ते खरे होते. पण ती रडत बसली नाही, तिला एका प्रश्नाने घेरले. कडे पाहूनच तर बी घेतले, मग चुकले कुठे?

गवत अजून ओले होते, जाळायला वाळावे लागणार होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी ती कुरणात फतकल मारून बसली. तिने गवताची उंची पाहिली. ओढ्याकाठी उंच, मुरमावर बुटके. रंग पाहिला. उन्हात जांभळा, सावलीत हिरवा. पेरावरचे कडे तर जिकडेतिकडे!

जवळच मोरी नावाची म्हातारी गाय चरत होती. गवताचे एक ठोंब खाई, दुसरे सोडी.

"मोरे, दोन्ही सारखीच तर आहेत. तू कशी ओळखतेस गं?"

"सारखी?" मोरी फुरफुरली. "तुम्ही माणसं नुसती लांबून बघता. खाऊन बघ की."

"मी? गवत?"

"मग काय, मी तुझ्यासाठी खाऊ?"

भागाईने इकडेतिकडे पाहिले आणि एक पाते चावले. गोड लागले. शेजारच्या ठोंबाचे पाते चावले, तर खवट तेलासारखा वास नाकात गेला. ती थू थू करत उठली, आणि आनंदाने पुन्हा खाली बसली. दोन गवते होती! एका आईच्या लेकींसारखी, पण दोन.

आता नवा पेच पडला. बी घ्यायच्या दिवसांत पाती सुकून जात, आणि सुकलेल्या बियांना तर वासच नसे, मग बी निवडायचे कसे? तिने एक गोड तुरा घेतला, एक खवट. दाणा नखावर ठेवून उन्हाकडे धरला. खवट दाण्याच्या टरफलावर बारीक खळगा होता, बाभळीच्या काट्याने टोचल्यासारखा. गोड दाण्याची पाठ कोरी होती.

एका दाण्यावर तिने विश्वास ठेवला नाही. ओढ्याकाठचे तुरे पाहिले, मुरमावरचे पाहिले, सावलीतले पाहिले. आधी चावायची, मग दाणा बघायची. जीभ हिरवी झाली, पण खूण कुठेच चुकली नाही.

मग तिने पाटलांना कुरणात आणले. पाटील ताठ उभे राहूनच म्हणाले, "मला तर काही वेगळं दिसत नाही."

"पाटील, वाकावं लागतं."

पाटील वाकले. मग गुडघ्यावर आले. शेवटी पागोटे बाजूला ठेवून पालथेच पडले. दाणा डोळ्याशी नेला आणि हळूच म्हणाले, "अगं बाई, खळगा आहे की! आणि हे जाळायला निघालो होतो मी. गोड गवतही गेलं असतं."

"आणि माझ्या सासूची खूण खोटी नव्हती," भागाई म्हणाली. "अर्धीच होती."

त्या वर्षी कुरण जाळले नाही. सगळा गाव विळे घेऊन उतरला. खवट गवत बी गळण्याआधी कापले आणि त्याने घरांची छपरे शाकारली. कोऱ्या पाठीचे बी तेवढे राखले. दोन-तीन पावसाळ्यांत मारवेल पुन्हा दाटले, गाई भरल्या पोटी घरी येऊ लागल्या, आणि गुरे घाटाखाली देण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

तात्पर्य: एका खुणेवरून ओळख पटत नसते, जवळ जाऊन, वाकून, पुन्हा पुन्हा पाहावे, मगच निवाडा करावा.