एका तारेवरचा पडदा

“पण बाई, मला पीएचडीला घेणार की नाही, ते सांगा ना!”

शार्दूल यंदा एमएस्सीला विद्यापीठात पहिला आलेला. गणिती भौतिकी पुढे शिकायची ती कारखानीसबाईंच्याच हाताखाली, असा त्याचा हट्ट. आणि बाई काही हो म्हणेनात.

“तुला सगळं येतंच की रे. मी काय शिकवू?”

“म्हणूनच तर म्हणतो, घ्या!”

घ्या म्हणे! बाईंच्या खोलीतला फळा त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकला होता. तारेचं कडं कसंही वाकवा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. त्यावर जो पातळ पडदा धरतो, त्याचा आकार एकच असणार, दुसरा शक्यच नाही, अशी त्याची सिद्धता. स्वारीची मान अशी ताठ, की विचारू नका.

“चूक दाखवा. एक जरी निघाली, तरी पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

बाईंनी फळा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

मग उठल्या. बादलीतल्या पाण्यात साबण कालवला. कपाटातून एक वेडीवाकडी तार काढली, बुडवून वर धरली. तारेवर पडदा धरला होता.

“हाच ना तुझा आकार?”

“हाच! अगदी हाच!”

“फुंक.”

“फुटेल ना बाई.”

“हळू रे. चहावर फुंकतोस तसं.”

शार्दूलने फुंकर घातली. पडदा थरथरला, फुगला आणि टुणकन पलीकडे जाऊन बसला. तार तीच, आकार मात्र निराळा.

शार्दूल वळसा घालून तारेच्या दुसऱ्या बाजूला गेला.

त्याने पलीकडून फुंकलं. पडदा परत अलीकडे!

“अरेच्चा!”

आणि गडी खो खो हसत सुटला. पुरता हरला होता, पण पहिला आला त्या दिवशीही त्याला इतका आनंद झाला नव्हता. बाईही डोळे पुसत हसत होत्या.

हसता हसता त्याला आपला शब्द आठवला. त्याने मुकाट्याने पिशवी उचलली.

“येतो बाई. बोलून बसलोय.”

दारापर्यंत गेला… पण छे, पाय निघेना.

“बाई, एवढंच सांगा. तो पडदा मध्येच कुठे का नाही थांबत?”

बाईंनी तार पुन्हा पाण्यात बुडवली.

“उद्यापासून साबण तू आणायचा.”